वडीलधाऱ्यांच्या खोलीतील हवा : मोजमाप आणि उपाय

सूत घेताना आपण काउंट विचारतो. कापड घेताना पन्हा पाहतो, वजन पाहतो, तागा मोजल्याशिवाय सौदा पक्का करीत नाही. पण ज्या खोलीत आपले वृद्ध आई-वडील दिवसरात्र बसून असतात, तिथली हवा कशी आहे हे आपण नाकाने ठरवतो. वयाबरोबर वास घेण्याची ताकद कमी होते. शिवाय सर्वांत घातक वायूला वासच नसतो. म्हणून हा मामला अंदाजावर सोडण्यासारखा नाही.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, कुठेही पाहा. मुले मुंबई-पुण्याला किंवा आखाती देशांत रोजगाराला गेलेली आणि घरात वडीलधारे एकटे, हे चित्र आता सर्रास आहे. त्यांना आपले घर आणि आपला मोहल्ला सोडवत नाही, आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच, की घरात हवा बिघडली तर त्यांना सावध कोण करणार?

आपल्या धंद्यातील लोकांसाठी हा प्रश्न जास्त गंभीर आहे. आयुष्यभर कापसाच्या धुळीत काम केलेल्यांना बिसिनोसिस नावाचा छातीचा आजार जडू शकतो. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे ही त्याची सुरुवातीची खूण. इंग्रज डॉक्टरांनी त्याला सोमवारचा ताप म्हटले. जिथे शुक्रवारी सुट्टी असते तिथे हा त्रास शनिवारी दिसतो. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर दम कायमचा लागतो. अमेरिकेने १९७८ साली गिरण्यांतील कापूस-धुळीवर मर्यादा घातली : सूतकताईत घनमीटरला २०० मायक्रोग्राम आणि विणाईत ७५०. ज्यांची फुफ्फुसे मागावरच अर्धी खर्ची पडली, त्यांना म्हातारपणी घरातला थोडा धूरही भारी पडतो.

घरातील हवा कशाने बिघडते?

चूल, शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह, फोडणीचा धूर, बिडी-सिगारेट ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. अगरबत्ती, लोबान आणि बखूर यांचाही धूरच असतो. सुगंध आहे म्हणून तो छातीला माफ करीत नाही. मच्छर पळविण्याची कॉइल तर रात्रभर उशाशी जळते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात चीन व मलेशियात विकल्या जाणाऱ्या कॉइल तपासल्या होत्या. एक कॉइल पूर्ण जळाली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात, असे त्यात आढळले.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे किंवा बिनखिडकीच्या न्हाणीघरात गॅस गीझर लावणे, यातून हा वायू साठतो. त्याला ना रंग, ना वास. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. वडीलधारे समजतात, बीपी वाढले असेल किंवा पित्त झाले असेल, आणि पडून राहतात. घरात दुसरे कोणी नसेल तर ते पडणे शेवटचे ठरू शकते.

तीन यंत्रे, तीन कामे

पहिले यंत्र बारीक कण मोजते. त्याला पीएम २.५ म्हणतात, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा सुमारे तीस पट बारीक धूळ व धूर. यंत्रात लेसरचा किरण असतो. कणांवरून प्रकाश विखुरतो आणि त्यावरून आकडा निघतो. दुसरे यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजते. मोकळ्या हवेत तो सुमारे ४२० पीपीएम असतो. खोलीत आकडा १००० च्या वर राहू लागला तर तो लगेच विषारी नसतो. पण ताजी हवा पुरेशी येत नाही, ही त्याची खूण आहे. घेताना एनडीआयआर सेन्सर आहे का, हे विचारावे. काही स्वस्त यंत्रे हा वायू मोजत नाहीत, दुसऱ्या वायूंवरून अंदाज दाखवतात.

तिसरे यंत्र म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. पैसे एकाच वस्तूला पुरत असतील आणि घरात गॅस गीझर किंवा शेगडी असेल, तर आधी हाच घ्यावा. खोक्यावर ईएन ५०२९१ हे युरोपीय मानक आहे का पाहावे. या मानकाप्रमाणे ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांत, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत अलार्म वाजला पाहिजे. स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणारा अलार्म वेगळा असतो. दुकानदार एक मागितले तर दुसरे हातात देतात, तेव्हा लेबल वाचून घ्यावे.

गज आणि मीटरचा घोळ

आकडा वाचताना फसगत होते. पीएम २.५ चा चोवीस तासांचा सरासरी आकडा घनमीटरला ६० मायक्रोग्रामपर्यंत चालेल, असे भारताचे २००९ चे मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ ठेवली. दोन्हींत चार पटींचा फरक आहे. वृद्ध आणि दमेकऱ्यांनी लहान आकडा नजरेसमोर ठेवावा. त्यातच काही यंत्रे मायक्रोग्रामऐवजी एक्यूआय दाखवतात. ६० मायक्रोग्रामला भारतीय एक्यूआय १०० होतो, तर अमेरिकन एक्यूआय दीडशेच्या पुढे जातो. हवा एकच, माप वेगळे. गजाचा भाव मीटरला लावल्यासारखा हा प्रकार आहे. म्हणून यंत्र मायक्रोग्रामवर ठेवावे.

आणखी दोन गोष्टी. पावसाळ्यात दमट हवेमुळे कण फुगतात आणि लेसरचे यंत्र आकडा चढवून दाखवते. उलट कापसाचे तंतू आणि मोठी धूळ ही छोटी यंत्रे नीट पकडत नाहीत. घराखाली किंवा शेजारी माग चालू असतील, तर यंत्राचा चांगला आकडा पाहून गाफील राहू नये. पंख्याची पाती आणि खिडकीची जाळी पाहावी. तिथे चार दिवसांत पांढरा कापूस जमत असेल, तर तोच खरा आकडा.

सात दिवसांचा रोजमेळ

यंत्र आणून कपाटावर ठेवल्याने काही होत नाही. वडीलधारे जिथे बसतात-झोपतात तिथे, बसल्यावर नाक येते त्या उंचीवर ते ठेवावे. चुलीजवळ, पंख्याखाली किंवा खिडकीत नको. एका वहीत सात दिवस लिहावे : वेळ, आकडा आणि त्या वेळी घरात काय चालू होते. फोडणी, झाडू, अगरबत्ती, कॉइल, शेजारच्या सायझिंगची चिमणी, जे असेल ते. आठवड्यानंतर जमा-खर्च आपोआप दिसतो.

उपाय बहुतेक स्वस्त आहेत. कॉइलच्या जागी मच्छरदाणी वापरावी. कोरड्या झाडूच्या जागी ओले फडके वापरावे. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा बसवावा. गीझर न्हाणीघराच्या बाहेर बसवून घ्यावा. थंडीत सकाळी व रात्री धूर खाली दबून राहतो, म्हणून खिडक्या दुपारी उघडाव्यात. हेपा फिल्टरचे यंत्र कण गाळते, पण कार्बन मोनॉक्साइड काढत नाही. शिवाय फिल्टर बदलण्याचा खर्च पुन्हा पुन्हा येतो, तो आधी विचारून घ्यावा. ओझोन सोडणारी यंत्रे घेऊच नयेत. दम लागतच असेल तर यंत्राकडे पाहत बसू नये, छातीच्या डॉक्टरकडे जावे.

आता मुलांसाठी दोन शब्द. वायफायच्या यंत्राने अब्बांच्या खोलीचा आकडा दुबईत तुमच्या मोबाईलवर दिसेल. पण मालेगावातली खिडकी दुबईहून उघडत नाही. अलार्मचा आवाज शेजारच्या घरात पोहोचला पाहिजे आणि शेजाऱ्याला सांगून ठेवले पाहिजे : अलार्म वाजला तर आधी माणसाला बाहेर काढा, मग गॅस आणि गीझर पाहा. यंत्र लावण्याआधी आई-वडिलांना विचारा. त्यांच्या घरात त्यांच्यावर पाळत ठेवली जाते असे वाटले, तर ते प्लग काढून ठेवतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

धंद्याच्या दृष्टीनेही यात काम आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानदारांनी हे अलार्म ठेवावेत, फिटर बंधूंनी एक्झॉस्ट आणि गीझरच्या चिमणीचे काम नीट शिकून घ्यावे, आणि आपण कापडवाल्यांनी चांगल्या विणीची मच्छरदाणी बाजारात आणावी. मात्र माल देताना ग्राहकासमोर टेस्टचे बटण दाबून दाखवावे आणि सेन्सरची मुदत खोक्यावर दाखवून बिलावर लिहून द्यावी. मुदत संपली की सेन्सर बदलावाच लागतो. मुदत संपलेला अलार्म भिंतीवर टांगलेला असला, तर घरातले त्याच्या भरवशावर निश्चिंत झोपतात.