अपघात एका दिवसाचा, सेवा जन्माची



बारामती-इंदापूर म्हणजे नीरा डाव्या कालव्याचा, उसाचा आणि दुभत्या जनावरांचा मुलूख. विहिरीवरची मोटर, कडबाकुट्टी, मळणीयंत्र आणि उसाची ट्रॉली यांच्यावाचून इथे दिवस जात नाही. त्यातच कुणाचा हात जातो, तर कुणी विहिरीत पडून कमरेखाली लुळा होतो. माणूस दवाखान्यातून घरी आला की खरी कसोटी सुरू होते. त्याला उठवणे, न्हाऊ घालणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, हे सारे बहुधा घरच्या बाईवर पडते. तिची मजुरीही बुडते. एका अपघाताने दोन माणसांचे हात थांबतात.

जर्मनीने यासाठी 1995 साली देशव्यापी सेवा-विमा सुरू केला. कामगार आणि मालक दोघेही हप्ता भरतात. घरच्याच माणसाने सेवा केली तरी पैसे मिळतात आणि ठरावीक तास सेवा करणाऱ्याच्या पेन्शनचा हप्ताही विम्यातून भरला जातो. आपल्याकडे असा विमा नाही. म्हणून जे आहे ते वेळेवर पदरात पाडून घ्यावे.

पहिली, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना. हप्ता भरावा लागत नाही. खातेदार आणि कुटुंबातील एक जण, वय 10 ते 75, यांना लाभ आहे. दोन डोळे किंवा दोन अवयव निकामी झाल्यास 2 लाख, एक गेल्यास 1 लाख रुपये. 2023 पासून विमा कंपनी मध्ये नाही; शासनच रक्कम देते. अर्ज 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा. सातबारा, वयाचा पुरावा, पोलिसांचे आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत.

दुसरी, पंतप्रधान सुरक्षा विमा. वय 18 ते 70, वर्षाला 20 रुपये बँकखात्यातून कापले जातात. इथेही 2 लाख व 1 लाखाचे संरक्षण आहे. मे अखेरीस खात्यात शिल्लक हवी. नाहीतर विमा तुटतो. बायकांच्या नावानेही तो काढावा.

या रकमा एकदाच मिळतात, सेवा मात्र रोजची असते. म्हणून अपंगत्वाचा दाखला काढून तहसील कचेरीत संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करावा. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यास दरमहा अनुदान मिळते. जन्मतः मेंदूचा पक्षाघात किंवा मतिमंदत्व असलेल्या मुलांसाठी ‘निरामय’ हा वर्षाला 1 लाखापर्यंतचा आरोग्यविमा वेगळा आहे.

आलेले 2 लाख लग्नकार्यात किंवा सावकाराच्या घशात घालू नयेत. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवल्यास दरमहा व्याज हाती येते. त्यातून मदतीला बाई ठेवण्याच्या खर्चाला थोडा हातभार लागेल. आणि भावाभावांनी सेवेच्या पाळ्या लावून घ्याव्यात. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या आपण पाळतोच की!