नव्या लॅपटॉपची पाटी कोरी करताना

नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू झाला, की पाच मिनिटांत कोपऱ्यातून अँटिव्हायरसची चौकट डोकावते: तीस दिवस फुकट, पुढे पैसे भरा. शेजारी न मागितलेले दोन-चार गेम आणि खरेदीच्या साइटचं एखादं चित्र. ही भरताड उगाच नसते. नव्या यंत्रावर आयती जागा मिळावी म्हणून सॉफ्टवेअर कंपन्या लॅपटॉप बनवणाऱ्यांना पैसे मोजतात, आणि जेमतेम नफ्याच्या या धंद्यात ते पैसे सोडवत नाहीत. सोनीने २००८मध्ये तर कडीच केली. काही वायो लॅपटॉपवरचा हा पसारा काढून देण्यासाठी ग्राहकाकडेच ५० डॉलर मागितले. बोंबाबोंब झाल्यावर ते शुल्क रद्द झालं.

पसारा नुसता जागा अडवत असता, तर दुर्लक्ष करता आलं असतं. पण २०१४च्या उत्तरार्धात लेनोवोच्या अनेक लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ नावाचा प्रोग्रॅम आला. वापरणारा इंटरनेटवर काय बघतोय ते पाहून त्याच्या पानात जाहिराती घुसवायच्या, हे त्याचं काम. बँकेच्या पानासारखी सुरक्षित पानंही वाचता यावीत म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे कोणती साइट खरी मानायची हे ठरवणारा दाखला, बसवलं होतं, आणि सगळ्या लॅपटॉपवर त्याची गुप्त किल्ली एकच! फेब्रुवारी २०१५मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षातज्ज्ञाने ती बाहेर काढली. तिचा पासवर्ड होता ‘कोमोडिया’, म्हणजे तो भाग लिहिणाऱ्या कंपनीचंच नाव. आता कॅफेच्या वायफायवर बसलेला कुणीही बँकेचं सोंग आणू शकत होता. प्रोग्रॅम काढून टाकला तरी सर्टिफिकेट मागे उरायचं, ही आणखी एक मेख. पुढे २०१७मध्ये अमेरिकेतल्या ३२ राज्यांशी तडजोड करताना लेनोवोने ३५ लाख डॉलर भरले.

मग जाणकार एकच सांगू लागले: फॉरमॅट मारा, मायक्रोसॉफ्टकडून कोरी विंडोज घ्या आणि ती टाका.

तेही पुरेसं नव्हतं. २०१५च्याच ऑगस्टमध्ये उघड झालं, की लेनोवोच्या काही लॅपटॉपवर अशी कोरी विंडोज टाकली तरी कंपनीचं सॉफ्टवेअर परत येतं. ते हार्ड डिस्कवर नव्हतंच. मदरबोर्डवरच्या बायोसमध्ये होतं. विंडोज ८पासून मायक्रोसॉफ्टनेच तशी सोय ठेवली आहे. विंडोज सुरू होताना बायोसने पुढे केलेली फाइल उचलते आणि चालवते. चोरीला गेलेला लॅपटॉप शोधणारं सॉफ्टवेअर फॉरमॅटनंतरही टिकावं, हा त्यामागचा एक हेतू. हेतू रास्त असेल; पण दार एकदा ठेवलं की त्यातून कोण येईल हे मालक ठरवत नाही. लेनोवोने बायोसचं अपडेट काढून हा भाग हटवला. दार मात्र राहिलं. मे २०२३मध्ये एक्लिप्सियम या कंपनीने गिगाबाइटच्या २७१ मॉडेलच्या मदरबोर्डांवर याच वाटेने येणारा अपडेटर दाखवून दिला. तो काही फाइली साध्या, असुरक्षित जोडणीवरून उतरवत होता.

तरीही कोरी विंडोज टाकणं फायद्याचंच. सेटिंगमधलं ‘रीसेट’ पुष्कळदा कंपनीचा पसारा परत आणून ठेवतं. त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून घ्यावा. विंडोजसह विकलेल्या यंत्राची किल्ली बायोसमध्येच असते, त्यामुळे विंडोजच्या होम आवृत्तीच्या जागी होमच टाकली तर इंटरनेट मिळताच ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. विंडोजशिवाय विकल्या जाणाऱ्या, फ्रीडॉसवाल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये अशी किल्ली नसते. तिथे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत कुणी ना कुणी दोन-चारशे रुपयांत ‘विंडोज टाकून’ देतो, आणि तिच्यासोबत येणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरमध्ये काय दडलंय हे त्यालाही ठाऊक नसतं. पसाऱ्यापेक्षा हे वाईट.

लॅपटॉपबरोबर मिळालेलं ऑफिस पुसण्याआधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्यावं. खरी अडचण पुढे येते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच यंत्रांत इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही. डिस्कची यादी रिकामी बघून लोक एसएसडी मेली समजतात. प्रत्यक्षात इंटेलच्या स्टोरेज ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हवर हवी असते. वायफायचंही तेच. ड्रायव्हर नसेल तर विंडोज ११ इंटरनेट मागत अडून बसते. तेव्हा अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्याचं नेट द्यावं.

शेवटी उरतो बायोसच्या अपडेटचा आणि बॅटरीचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याचा प्रश्न. त्यासाठी बहुतेकजण कंपनीच्या साइटवर जातात आणि नुकतंच पुसलेलं तिचं एखादं अ‍ॅप स्वतःच्या हाताने परत टाकतात.