रुंद ट्रॅक, अरुंद हेड

जुन्या फ्लॉप्यांतला मजकूर काढून देण्याचं काम मी करतो. परवा एक निवृत्त गुरुजी सव्वापाच इंची फ्लॉपी घेऊन आले. लेबलवर ३६० केबी. "शाळेत कॉपी केली तेव्हा उघडत होती. घरच्या एक्सटीवर उघडेचना. तेव्हापासून तशीच पडून आहे."

मी विचारलं, "शाळेत मशीन कुठलं होतं?"

"एटी."

ऐकून बरं वाटलं. फ्लॉपी बहुधा शाबूत होती.

आयबीएमने १९८४ मध्ये एटी आणला, तो १.२ एमबीच्या ड्राइव्हसह. त्याआधीच्या एक्सटीचा जुना ड्राइव्ह एका बाजूला ४० ट्रॅक लिहायचा, नवा तेवढ्याच जागेत ८०. त्यामुळे जुन्याचा ट्रॅक साधारण ०.३३ मिलिमीटर रुंद, नव्याचा ०.१६. आधी एक्सटीवर भरलेल्या फ्लॉपीवर एटीने लिहिलं, की रुंद ट्रॅकच्या मधोमध नवा मजकूर उमटतो आणि दोन्ही कडांना जुना तसाच राहतो. गुरुजींना म्हटलं, "फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेली ओळ अरुंद डस्टरने पुसली, तर वरखाली खडू उरतोच ना?" एटीचं बारीक हेड फक्त मधलं वाचतं. एक्सटीचं रुंद हेड दोन्ही एकदम उचलतं आणि गोंधळतं.

आधी फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जाऊ नये. १.२ एमबीच्या ड्राइव्हचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, फ्लॉपी सरकवली, खटका पाडला. चाळीस ट्रॅकची फ्लॉपी वाचताना हे हेड दर वेळी दोन पावलं टाकतं. कानाला ती जोड-खटखट सवयीने कळते. एका ट्रॅकवर ते अडलं, मागे गेलं, पुन्हा आलं. चौथ्या फेरीत तोही वाचला. गुरुजींनी आसपासच्या वाड्यांवरून गोळा केलेले शेतीचे शब्द रोमन लिपीत पडद्यावर आले. ते बराच वेळ नुसते वाचत बसले.

साडेतीन इंचीचा घोळ वेगळा. तिथे ट्रॅक सारखेच, पण ७२० केबीच्या फ्लॉपीला भोक पाडून ती १.४४ एमबीची म्हणून वापरायची पद्धत होती. तिचा लेप त्या घनतेसाठी बनवलेलाच नाही. असा मजकूर कच्चाच राहतो, म्हणून तो मी सगळ्यात आधी काढायला घेतो.

तुमच्याकडे अशा फ्लॉप्या असतील, तर प्रत्येक फ्लॉपी कुठल्या मशीनवर लिहिली ते आठवेल तेवढं लेबलवर लिहून ठेवा. आणि मशीनने फॉरमॅट करू का विचारलं, तर कृपा करून 'नाही' म्हणा.