तपकिरी कडेचा मागोवा

उंदराचं पिल्लू तेरा-चौदा दिवसांचं झालं की डोळे उघडतं. उंदराच्याच लाळग्रंथीतलं एक प्रथिन टोचलं तर सहा-सात दिवसांतच उघडतं, हे स्टॅन्ली कोहेन यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलं. पापणीची वाढ घाईनं उरकणारं ते प्रथिन म्हणजे ईजीएफ हा वाढघटक. पेशीवर तो जिथे चिकटतो, तो त्याचा रिसेप्टर, ईजीएफआर. वाढघटकांच्या शोधासाठी १९८६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल कोहेन आणि रीटा लेव्ही-मोन्टाल्चिनी यांना मिळालं.

१९८७ मध्ये डेनिस स्लेमन यांनी दाखवलं, की स्तनाच्या कॅन्सरमध्ये या रिसेप्टरच्या भावंडाचं, हर-२ च्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील, तर आजार लवकर उलटतो. मग गर्भाशयमुखाच्या, बायकांच्या बोलीत पिशवीच्या तोंडाच्या, कॅन्सरमध्येही ईजीएफआर आणि हर-२ ची खूण शोधणं सुरू झालं.

गाठीच्या तुकड्याची स्लाइड रिसेप्टरला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनी रंगवली की निळ्या केंद्रकांच्या भोवती पेशीची तपकिरी कडा उमटते. कडा गडद, तर रिसेप्टर जास्त. कोण तरेल हे ती कडाच सांगेल, अशी आशा होती. पण निष्कर्ष जुळले नाहीत. कुणाला गडद कडेत धोका दिसला, कुणाला काहीच दिसलं नाही. प्रत्येकाची प्रतिपिंडं वेगळी, गडद कशाला म्हणायचं याची रेघही वेगळी. गाठीचा आकार आणि लसिकाग्रंथींपर्यंतचा पसरावच अधिक भरवशाचा ठरला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ईजीएफआर अडवणारं सेटुक्सिमॅब एकटं दिलं, तेव्हा एकाही रुग्णाला म्हणावा तसा प्रतिसाद मिळाला नाही.

वाट दुसरीकडून निघाली. रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या घटकाला रिसेप्टरपाशी पोचण्याआधीच पकडणारं बेव्हासिझुमॅब केमोला जोडलं, आणि आजार पसरलेल्या किंवा उलटलेल्या रुग्णांचं मध्यक आयुर्मान १३.३ वरून १७ महिन्यांवर गेलं. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. २०२३ मध्ये हर-२ ला धरून पेशीत औषध पोचवणाऱ्या ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅननं या कॅन्सरच्या ४० रुग्णांपैकी निम्म्या जणींच्या गाठी लक्षणीय आक्रसवल्या. हे औषध कुणाला द्यायचं, ते हर-२ ची तपकिरी कडा पाहूनच ठरलं; जुन्या कडेला तेव्हा खरं काम मिळालं.

साठ वर्षांच्या या वाटचालीतून मी एवढंच घेतलं: जी खूण फक्त भाकीत करते, ती रिपोर्टच्या कागदावरच राहते. तिच्यामुळे उपचार बदलला, तरच ती त्या बाईच्या कामी येते.