वर्षारंभ आणि कृतज्ञता

व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होते. नवी वही घालण्यापूर्वी तो जुनी वही उघडतो, आणि तीत येणे किती आहे एवढेच नव्हे, तर देणे किती आहे हेही पाहतो. आपले घरगुती वर्ष चैत्राच्या पाडव्याला सुरू होते. त्या दिवशी आपण गुढी उभारतो, पंचांग आणतो, येत्या वर्षी पाऊसपाणी कसे आहे ते ऐकतो, आणि मनातल्या मनात येण्याची यादी करतो. मुलीचे लग्न ठरावे, मुलाला नोकरी लागावी, दुखणे बरे व्हावे. या मागण्यांत गैर काही नाही. परंतु या वहीतील देण्याचे पान कोण उघडतो? गेल्या वर्षी आपल्यासाठी कोणी काय केले, याची नोंद किती घरांत होते? वर्षारंभी हे पान कसे वाचावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभी शब्दाकडेच पाहू. कृतज्ञ म्हणजे ‘कृत’ जाणणारा, म्हणजे केलेले जाणणारा. या शब्दात नमस्कार नाही, गोड बोलणे नाही, डोळ्यांत पाणी येणेही नाही. आहे ते केवळ जाणणे. याच्या उलट कृतघ्न, म्हणजे केलेले मारून टाकणारा. एक जाणतो, दुसरा मारतो. आणि आपण बहुतेक जण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. आपण मारीत नाही, पण जाणतही नाही. ज्याला आपण रोजचे म्हणतो ते आपल्याला दिसेनासे होते. तेव्हा कृतज्ञता हा मनाचा एक उमाळा आहे असे समजण्यापेक्षा ती एक प्रकारची विद्या आहे असे समजणे अधिक बरोबर होईल. विद्या म्हटली की ती शिकावी लागते, आणि तिचा अभ्यास ठेवावा लागतो.

हा अभ्यास अवघड का व्हावा? कारण सवय. शेजारची गिरणी सुरू झाली की पहिले दोन दिवस झोप लागत नाही. तिसऱ्या दिवसापासून तिचा आवाज कानांवर पडतो, पण ऐकू येत नाही. सुखाचेही असेच होते. विहिरीवरून पाणी ओढणाऱ्या घरात नळ आला, की पहिला आठवडा तो नळ म्हणजे चमत्कार असतो. महिन्याभराने तो केवळ नळ राहतो, आणि वर्षभराने त्याला पाणी कमी येते ही तक्रार तेवढी उरते. माणसाचा हा स्वभावच आहे, आणि त्याचा उपयोगही आहे. प्रत्येक गोष्टीचे रोज नवल वाटत राहिले तर माणसाच्या हातून काम व्हावयाचे नाही. मात्र या सोयीची किंमत आपण अशी देतो की, जे नित्य मिळते ते मिळत आहे हेच आपण विसरतो.

मग एखादा दिवस असा येतो की तो विसर एका क्षणात पुसला जातो. पुण्याने असा दिवस १२ जुलै १९६१ रोजी पाहिला. पानशेतचे बांधकाम चालू असलेले मातीचे धरण त्या सकाळी फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही फोडले, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पूर ओसरला तेव्हा शहरात चिखल होता आणि नळाला पाणी नव्हते. खडकवासल्याचे धरण त्यापूर्वी सुमारे ऐंशी वर्षे तेथे उभे होते. ती ऐंशी वर्षे त्याचे पाणी पिणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या दगडी भिंतीची आठवण काढली असेल? ती आहे हे तिच्या पडण्याने कळले.

या घटनेची दुसरी बाजू अधिक विचार करण्याजोगी आहे. आदल्या रात्री भर पावसात सैन्याचे जवान आणि कामगार त्या खचणाऱ्या धरणावर वाळूची पोती रचीत होते. धरण वाचले नाही. पण त्याचे फुटणे लांबले. मध्यरात्री, गाव झोपेत असताना यावयाचे पाणी दिवसाउजेडी आले, आणि माणसांना पळण्यास अवधी मिळाला. हानी मोठी झाली, परंतु रात्री झाली असती ती याच्या किती पट झाली असती याची कल्पनाच करावी. आता पाहा, जे घडले ते डोळ्यांना दिसते. जे घडता घडता राहिले ते कोणाला दिसणार? त्या पोत्यांमुळे जे वाचले त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती पोती पाहिली नाहीत. आपल्या प्रत्येकाच्या आयुष्यात अशी न पाहिलेली पोती पुष्कळ असतात. वेळेवर टोचलेली लस, रात्रपाळीच्या माणसाने बरोबर पडताळलेला रुळाचा सांधा, शिक्षकाने न कंटाळता तिसऱ्यांदा समजावून दिलेले गणित, ही सारी त्याच जातीची.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट उमगली होती. तैत्तिरीय संहितेत ऋषी, देव आणि पितर यांच्या तीन ऋणांचा विचार आहे. शतपथ ब्राह्मणाने त्यात चौथ्याची भर घातली, ती मनुष्यांच्या ऋणाची, आणि ते आतिथ्याने, म्हणजे आल्यागेल्याला आसरा व अन्न देऊन फेडावयाचे. या कल्पनेतील धर्मश्रद्धा कोणी मानो वा न मानो; तिच्यातील व्यवहार मोठा शहाणपणाचा आहे. माणूस कोऱ्या पाटीने जगात येत नाही. तो भाषा, शेत, रस्ता, औषध, हे सारे उसने घेऊन आयुष्याला आरंभ करतो. आणि ज्यांच्याकडून घेतले ते बहुधा परत घेण्यास हयात नसतात. म्हणून ते पुढच्याला द्यावयाचे. पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली घातला. तिच्या श्रोत्यांनी ते ऋण त्यांना फेडावे तरी कसे? ऐकलेले घरी जाऊन कोणाला तरी सांगावे, एवढेच.

येथे एक आक्षेप येईल. मराठी माणूस कृतज्ञतेच्या बाबतीत कोरडा आहे, त्याच्या घरात आभाराचा शब्दसुद्धा ऐकू येत नाही, असे पुष्कळदा म्हटले जाते. गोष्ट खरी आहे. आईने ताट वाढले म्हणून तिला ‘आभारी आहे’ म्हणणारा मुलगा आपल्याला परका वाटेल. ‘आभार’ या शब्दातच ‘भार’ आहे. तो सभेच्या शेवटी शोभतो, स्वयंपाकघरात नाही. पण शब्द नाही म्हणून वृत्तीच नाही असे मात्र नव्हे. शेजारणीने वाटीभर आमटी पाठवली तर ती वाटी रिकामी परत करावयाची नाही, चिमूटभर साखर तरी तीत घालून द्यावयाची, ही रीत कोणी शिकवली? चैत्रात उन्हे तापू लागली की रस्त्याच्या कडेला पाणपोई लागते, आणि पिणाऱ्याने नाव विचारावे अशी तेथे कोणाची अपेक्षा नसते. आपली कृतज्ञता जिभेपेक्षा हातांत अधिक आहे. मात्र हातांतील ही रीतही सवयीने आंधळी होऊ शकते. साखर घातली जाते, पण आमटीची आठवण राहत नाही. म्हणून जाणणे हे मूळ, आणि रीत ही त्याची फांदी.

अलीकडच्या मानसशास्त्रज्ञांनी हा विषय प्रयोगाच्या कसाला लावून पाहिला आहे. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांनी २००३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाने आठवड्यातून एकदा, ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहावयाच्या, दुसऱ्याने त्रासाच्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या. दहा आठवड्यांनी पहिला गट आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी आढळला, येणाऱ्या आठवड्याविषयी अधिक आशावादी आढळला, आणि त्याच्या दुखण्याखुपण्याच्या तक्रारीही कमी होत्या. पुढील संशोधनाने हेही दाखवले की हा परिणाम खरा असला तरी बेताचा आहे. ते काही रामबाण औषध नव्हे. २००८ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासाने एक मार्मिक गोष्ट पुढे आणली. एखादी चांगली गोष्ट कशी घडली हे लिहिणाऱ्यांपेक्षा, ती घडलीच नसती तर काय झाले असते हे लिहिणाऱ्यांचे मन अधिक प्रसन्न झाले. पानशेतने जे अतिशय महाग शिकवले, ते कागदपेन्सिलीने थोडेसे स्वस्तात शिकता येते, असा याचा अर्थ.

परंतु कृतज्ञता म्हणजे स्वतःचे मन प्रसन्न ठेवण्याची एक युक्ती, असे जर आपण धरून चाललो तर तिचा अर्धा भागच आपल्या हाती येईल. यात एक धोकाही आहे. ‘मी तुला पोसले’ असे म्हणणारा मालक नोकराकडून कृतज्ञताच मागत असतो. गरिबाला, बाईला, धाकट्याला ‘मिळते त्यात समाधान मान’ असे सांगताना हाच गोड शब्द वापरला जातो. म्हणून हे नीट ध्यानात धरावे की कृतज्ञता ही द्यावयाची वस्तू आहे, वसूल करावयाची नव्हे. जो ती वसूल करतो त्याला लाचारी मिळते, कृतज्ञता मिळत नाही. आणि जो ती देतो त्याच्यावर जाणण्याची जबाबदारी येते.

ही जबाबदारी कशी पार पाडावी हे शेतकऱ्याने पोळ्याच्या आदल्या दिवशी दाखवून दिले आहे. त्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाचे खांदे हळद आणि लोणी लावून मळतात. शिंगे रंगवणे, झूल घालणे, पुरणपोळी भरवणे हे दुसऱ्या दिवशी. पण पहिला हात खांद्याला. वर्षभर जू जेथे घासले, नेमक्या त्याच जागी. खरी कृतज्ञता अशी नेमकी असते. ती नुसते ‘तुझे उपकार फार’ म्हणत नाही. जू कोठे घासले हे तिला ठाऊक असते.

आता पाडव्याच्या गुढीकडे पुन्हा पाहू. तिच्यावर कडुनिंबाची डहाळी असते आणि साखरेची गाठी असते. कडुनिंब अंगणातल्या झाडाचा. पण साखर कोठून आली? बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास लक्षावधी माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि पाडव्याच्या आगेमागे गावी परततात. आपल्या गुढीवर साखरेची माळ चढते, त्याच दिवसांत ती साखर ज्यांच्या हातांनी आली त्यांचे संसार ट्रॅक्टरवर लादून घराकडे निघालेले असतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. माणसांची गणती हत्याराच्या नावाने होते. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि पहाटेपासून मोळ्या बांधून ती फेडावयाची. दुखणे आले, एक दिवस चुकला, की ‘खाडा’ पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. खाडा पडू नये म्हणून बायका काय सोसतात हे २०१९ साली साऱ्या महाराष्ट्रापुढे आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न तेव्हा विधिमंडळात गाजला आणि त्याच्या चौकशीसाठी शासनाला समिती नेमावी लागली.

हे ऐकून गाठी कडू लागावी असा यातील हेतू नाही. सणाचा आनंद कमी करून कोणाचे दुःख कमी होत नाही. परंतु ‘कृत’ जाणावयाचे ठरवले तर ते असे मुळापर्यंत जाणावे लागते. आणि जाणल्यावर जू कोठे घासले हे विचारावेच लागते. त्या विचारण्यातून वाजवी मजुरी, दवाखाना, मुलांची हंगामी वसतिगृहे यांचा आग्रह निघतो. कृतज्ञतेचे टोक न्यायाला जाऊन भिडते ते असे. पाडव्याला आपण कडू पान आणि गूळ एकत्र वाटून खातो, त्यातली कडू चव वगळून चालत नाही, हेही या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मग या वर्षी करावयाचे काय? फार थोडे, पण नेमाने. रोजच्या दिवसातील एकच क्षण निवडावा. सकाळचा चहा घ्या. कप हातात आहे तेवढ्या वेळात त्यातील एका वस्तूचा माग काढावा. आज पाणी, उद्या दूध, परवा साखर, तेरवा चहाची पत्ती खुडणारे आसामातील हात. आठवड्यातून एकदा एका माणसाचे नाव वहीत लिहावे, आणि त्याने काय केले ते नेमके लिहावे. ‘फार मदत केली’ असे मोघम लिहू नये. आणि महिन्यातून एकदा त्यांपैकी एकाच्या खांद्याला हात लावावा. घरकामाच्या बाईंना दुखण्याच्या दिवशीची रजा भरपगारी द्यावी. कचरा नेणाऱ्यासाठी फुटकी काच वेगळी गुंडाळून ठेवावी. व्याख्यान संपल्यावर मांडवात मागे राहून दोन खुर्च्या उचलू लागाव्यात. आभार मानण्याचा समारंभ करण्याचे कारण नाही.

असे वर्ष गेले, तर पुढच्या पाडव्याला आपली येण्याची यादी कदाचित पूर्वीइतकीच लांब असेल. माणसाच्या मागण्या सरत नाहीत. पण तिच्या समोरचे देण्याचे पान कोरे राहणार नाही, आणि ते भरलेले पान पाहून आपण दरिद्री झालो असेही वाटणार नाही. व्यापाऱ्याला देणे वाढले की काळजी वाटते. या वहीचा न्याय वेगळा आहे. येथे ज्याला आपले देणे अधिक दिसते, त्याच्याजवळ अधिक आलेले असते.