एकाच पेप्टाइडचे दोन सिग्नल

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझे तीन आठवडे एका गैरसमजात गेले. प्रोलिन असलेलं छोटं पेप्टाइड बनवलं, एनएमआर काढला, तर बऱ्याच सिग्नलच्या शेजारी एक छोटा जुळा भाऊ! मला वाटलं, अशुद्धी. पुन्हा कॉलम, पुन्हा एनएमआर, पुन्हा तेच. रात्री दिघीला परत येताना बसमध्ये तोच स्पेक्ट्रम मोबाइलवर बघत बसायचो.

अशुद्धी नव्हतीच. अमाइडमध्ये नायट्रोजनची इलेक्ट्रॉनजोडी कार्बोनिलकडे ओढली जाते, त्यामुळे मधला बंध अर्धवट दुहेरी होतो. त्याची लांबी सुमारे १.३३ आंगस्ट्रॉम, साध्या कार्बन-नायट्रोजन बंधाची १.४७. असा बंध सपाट असतो, सहज फिरत नाही. म्हणजे ट्रान्स किंवा सिस. इतर अमिनो आम्लांच्या आधी सिस क्वचितच सापडतो. प्रोलिनची साखळी मात्र वळून स्वतःच्याच नायट्रोजनला जोडलेली असते. दोन्ही बाजूंना गर्दी सारखीच, म्हणून सिसही बऱ्यापैकी दिसतो. अदलाबदल इतकी सावकाश होते की एनएमआरला दोन्ही रूपं वेगळी दिसतात.

"मग बिघडलं काय?" असं विचाराल, तर कोलॅजेन बघा. त्याच्या तिहेरी हेलिक्समध्ये प्रत्येक अमाइड ट्रान्स लागतो. प्रोलिनवर चौथ्या जागी योग्य दिशेने ओएच आला की वलयाचा बाक असा होतो की ट्रान्सचं पारडं जड होतं. प्रोलिन-प्रोलिन-ग्लायसिन दहा वेळा जोडलेलं हेलिक्स सुमारे ४१ अंश सेल्सियसला उलगडतं. दुसऱ्या प्रोलिनच्या जागी हायड्रॉक्सीप्रोलिन घातलं की ६९ अंशांना. शरीरात हा ओएच बसवणाऱ्या एन्झाइमला व्हिटॅमिन सी लागतं. ते नसेल तर कोलॅजेन कच्चं राहतं, हिरड्यांतून रक्त येतं. स्कर्व्हीच्या धड्यात ही मधली पायरी आम्हाला कुणी शिकवली नव्हती.

हा प्रश्न पुण्यातही हाताळला गेलाय. एनसीएलमध्ये कृष्ण गणेश यांच्या गटाने त्या ओएचच्या जागी अमिनो गट बसवला. २००१ मध्ये त्यांनी दाखवलं की तिहेरी हेलिक्स आणखी स्थिर होतं. अमिनो गटावरचा धन प्रभार पीएचनुसार बदलतो, त्यामुळे स्थिरताही पीएचवर अवलंबून असते. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

तेव्हा प्रोलिनवाल्या पेप्टाइडमध्ये जुळे सिग्नल दिसले तर लगेच कॉलम भरू नका. आधी एनएमआरची नळी तापवून स्पेक्ट्रम घ्या. जुळे सिग्नल रुंद होऊन एकमेकांकडे सरकू लागले, तर ती बहुधा एकाच रेणूची दोन रूपं आहेत. थंड केल्यावर मूळ चित्र परत येतंय का, तेही बघा.