उन्हात चुकणारी लेसरची मोजपट्टी

विहिरीत दगड टाकून 'डुबुक' ऐकू येईपर्यंत आकडे मोजले, की पाणी किती खोल ते कळते. लेसरने अंतर मोजण्याची युक्तीही अशीच आहे. प्रकाश १ नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशात, ३० सेंटिमीटर जातो. लेसरचा झोत भिंतीवर आपटून १०० नॅनोसेकंदांनी परतला, तर भिंत १५ मीटरवर आहे.

परतणारा एकेक प्रकाशकण टिपणारे शोधक आज मिळतात. पण एक कण टिपला, की असा शोधक काही काळ आंधळा होतो. रात्री याने फारसे बिघडत नाही. भर उन्हात मात्र सूर्याचेच कण आधी धडकतात आणि लेसरचा कण येतो तेव्हा शोधक आंधळा असतो!

समजा, आपण १००० वेळा झोत सोडला. पहिल्याच नॅनोसेकंदात उन्हाचे २० कण टिपले गेले. भिंतीवरून कण परतण्याच्या क्षणी फक्त १३ टिपले गेले. मग भिंत नाहीच म्हणायची का? थांबा! तोवर शोधक १००० पैकी १३० वेळाच जागा उरला होता. आता भागाकार करा. पहिल्या क्षणी १००० मागे २०, म्हणजे २ टक्के. नंतर १३० मागे १३, म्हणजे १० टक्के! भिंत सापडली.

हा भागाकार कोट्स यांनी १९६८ साली वेगळ्याच मोजमापासाठी मांडला होता. मात्र शोधक एकदाही जागा उरला नाही, तर भागायचे कशाला? म्हणून लेसरचाच रंग आत सोडणारी गाळणी शोधकापुढे बसवावी लागते.